शिक्षक मक्त्याने नेमावयाचे काय?

सन २०२५ च्या जुलै महिन्यात शासकीय आश्रमशाळांतील रोजंदारीवरचे शिक्षक व इतर कर्मचारी नाशिक येथील आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसले, आणि भर पावसात आठवडेच्या आठवडे तेथून हलले नाहीत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात खात्याने शिक्षकादी १,७९१ पदे बाह्यस्रोताने, म्हणजे साध्या भाषेत खासगी मक्तेदारामार्फत, भरण्याचे ठरविले होते. त्या जागांवर वर्षानुवर्षे राबलेल्या माणसांवर यामुळे घरी बसण्याची पाळी आली. हरसूलच्या परिसरातील पाड्यांवरची मुले घरदार सोडून अशाच शाळांत राहतात व शिकतात. तेव्हा हा तंटा नाशिकच्या रस्त्यावरचा आहे असे समजून हरसूलकरांना स्वस्थ बसता येणार नाही.

कायद्याच्या दृष्टीने या पद्धतीतील मुख्य दोष असा की, करार होतो तो सरकार व मक्तेदार यांच्यात. जो वर्गात उभा राहतो तो शिक्षक त्यात पक्षकारच नसतो. मग वेतन थकले, रजा नाकारली, सत्राच्या मध्यावर काढून टाकले, तर त्याने दाद मागावी कोणाकडे? खाते मक्तेदाराकडे बोट दाखविणार आणि मक्तेदार खात्याकडे! आमच्या व्यापारी वाचकांपैकी आपल्या पेढीचा मुनीम दुसऱ्याच्या मक्त्याने कोण ठेवील? गल्ला ज्याच्या हाती द्यावयाचा त्याला आपण स्वतः पारखतो, आणि मुले ज्याच्या हाती द्यावयाची तो मात्र मक्त्याने चालतो, हा न्याय अजब होय.

यावर कोणी म्हणेल की, रीतसर निवड न होता आलेल्यांना कायम करणे हाही अन्यायच. हा आक्षेप पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उमादेवी खटल्यात मागच्या दाराने शिरलेल्यांना कायमपणाचा हक्क नाही असे सांगितले आहे, आणि पात्र शिक्षक मिळणे हा आदिवासी मुलाचाही हक्क आहे. परंतु मंजूर पदांवर दहा वर्षे राबलेल्या पात्र माणसांचा एकवार विचार करावा, हेही त्याच निकालात लिहिले आहे. पुढे २०१६ साली जगजितसिंग खटल्यात समान कामास समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या नोकरांनाही लावण्यात आले. शिवाय निवड रीतसर हवी असेल तर सरकारने स्वतः परीक्षा घ्यावी. निवडीचे कामच मक्तेदाराच्या हवाली करणे हा त्यावरचा उपाय कसा?

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षकास निदान बारा रुपये वेतन असावे असे मागितले होते. पोटाची भ्रांत असलेला पंतोजी शाळा कशी चालविणार, हे त्यांनी ओळखले होते. आम्ही मात्र २००० साली शिक्षणसेवक योजना काढून प्राथमिक शिक्षकास मासिक तीन हजार देऊ केले, आणि ते मानधन सोळा हजारांवर येण्यास २०२३ साल उजाडावे लागले. अटी एकाच पक्षाने लिहिल्या म्हणजे असे होते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. खात्याने शिक्षकांच्या संघटनेस समोर बसवून लेखी करार करावा. त्यात पात्रतेची अट असावी, ती पुरी करण्यास वाजवी मुदत असावी, पूर्वसेवेची गणना व्हावी आणि वेतनाची तारीख नमूद असावी. संघटनेनेही पात्रतेची अट मनापासून मान्य करावी; ती टाळून लोकांची सहानुभूती टिकणार नाही. हरसूलच्या वकिलांनी, दुकानदारांनी व ग्रामसभेने आपल्या शाळेत किती जागा रिकाम्या आहेत व त्या कोणत्या रीतीने भरल्या जातात, एवढे तरी खात्यास लेखी विचारावे. आश्रमशाळेतील मुलाचे आईबाप मजुरीसाठी दूर गेलेले असतात. त्याच्या वतीने विचारणारा गावाखेरीज दुसरा कोणी नाही.