परळची गोळी

घरात सुनेला दिवस गेले की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक नाव हमखास असते: फॉलिक ॲसिड. नाव परके खरे, पण या गोळीच्या जन्मकथेचा पहिला अध्याय आपल्या परळला घडला, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

डॉ. लूसी विल्स 1928 साली मुंबईस आल्या. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून त्या वैद्यकाकडे वळल्या आणि लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात रसायनाच्या अंगाने रोगांचा अभ्यास करू लागल्या. मुंबईत गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना त्या काळी गरोदरपणी एक भयंकर पांडुरोग जडे. रक्तातल्या तांबड्या पेशी घटत, उरत त्या अवाजवी मोठ्या. कित्येकींच्या तो जिवावर बेते.

हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बाईंनी काम आरंभले. प्रथम जंतूंचा संशय घेतला. तो टिकला नाही. मग या बायकांच्या ताटात काय पडते, ते पाहिले. तसाच निकृष्ट आहार माकडांना दिला, तर तीही पांढरी पडली. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे स्वस्त मार्माइट, देताच सुधारली. बायकांनाही तोच गुण आला. बायकांवरच्या उपचाराचे हे निष्कर्ष 1931 साली प्रसिद्ध झाले. पुढे असे दिसले, की यकृताचा साधा अर्क या रोगाला लागू पडतो, शुद्ध केलेला पडत नाही. तेव्हा गुणकारी द्रव्य काही निराळेच, हे बाईंनी ताडले. लोक त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढले गेले. लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’. त्यावरून नाव पडले फॉलिक ॲसिड. 1945 साली ते प्रयोगशाळेत तयार झाले. त्या कामात आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. बाईंचा ‘फॅक्टर’ तो हाच.

विल्सबाई 1964 साली वारल्या. 1991 साली आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. ज्यांचे आधीचे मूल मेंदूच्या वा पाठीच्या कण्याच्या व्यंगाचे होते, अशा मातांनी ही गोळी गर्भ राहण्यापूर्वीपासून घेतली, तेव्हा तेच व्यंग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले.

येथेच आपल्या घरांची गफलत होते. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यातच मिटते. आपल्याकडे मात्र तिसरा महिना सरल्याशिवाय बातमी फोडायची नाही, अशी रीत! बातमी खुशाल झाकून ठेवा, गोळीला थांबवू नका. मूल व्हावे असे मनात आले, की त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. हिरव्या भाज्या हव्यातच, पण त्या फार शिजवल्या तर हे द्रव्य बरेच नाहीसे होते.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी नव्या सुनेला, लेकीला एवढे वेळेवर सांगितले, तरी पुष्कळ झाले.