दुसरे नाव मतदाराला आधी कळावे

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन निवडणुका झाल्या. ५ तारखेला अमेरिकेने आपला अध्यक्ष निवडला आणि २० तारखेला महाराष्ट्राने आपली विधानसभा. उलव्यासारख्या नोकरदार तरुण कुटुंबांच्या नव्या वसाहतीत या दोन्ही निवडणुकांची चर्चा एकाच वेळी व्हावी हे स्वाभाविकच होते. तथापि त्या दोहोंमधील एका फरकाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अमेरिकन मतदाराच्या मतपत्रिकेवर डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाशेजारी जे. डी. व्हान्स यांचे आणि कमला हॅरिस यांच्या नावाशेजारी टिम वॉल्झ यांचे नाव छापलेले होते. पहिल्याला मत म्हणजे दुसऱ्यालाही मत. उलवे ज्या उरण विधानसभा मतदारसंघात मोडते, तेथील मतदारासमोर मात्र केवळ आमदारकीच्या उमेदवारांची नावे होती. मुख्यमंत्री कोण होणार हे दोन्ही आघाड्यांपैकी एकीनेही त्याला सांगितलेले नव्हते. मग उपमुख्यमंत्र्याची गोष्ट दूरच. ५ डिसेंबर रोजी आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि त्यांच्यासमवेत एकनाथ शिंदे व अजित पवार यांनी शपथ घेतली, तेव्हा राज्याला ही तीन नावे त्या क्रमाने प्रथमच निश्चित समजली.

तेथे अध्यक्षीय पद्धती, येथे संसदीय पद्धती. तेव्हा तुलनाच गैरलागू, असे म्हणून हा विषय बाजूस सारता येईल. परंतु तसे करणे सोयीचे असले तरी योग्य नव्हे. अमेरिकन मतदार दुसऱ्या नावाची पारख कशी करतो हे पाहिले म्हणजे आपल्या मतदाराच्या हातून काय हिरावून घेतले गेले आहे, ते ध्यानात येते.

दुसरा उमेदवार आपले राज्य बरोबर घेऊन येतो, अशी तेथील पुढाऱ्यांची जुनी समजूत आहे. १९६० साली मॅसॅच्युसेट्सच्या कॅथलिक केनेडींनी टेक्ससच्या लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले आणि टेक्सस जिंकले, हा दाखला प्रत्येक निवडणुकीत नव्याने दिला जातो. पण त्यानंतरचा इतिहास त्याला पुष्टी देत नाही. १९८८ साली डुकाकिस यांनी टेक्ससचेच लॉइड बेंट्सन निवडले आणि टेक्सस बुश यांच्याकडे गेले. २००४ साली जॉन एडवर्ड्स यांना आपले नॉर्थ कॅरोलायना राखता आले नाही, आणि २०१२ साली पॉल रायन यांच्या विस्कॉन्सिनने ओबामांना मते दिली. क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कोपको या दोन राज्यशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा प्रदीर्घ अभ्यास केला आहे. त्यांचा निष्कर्ष असा की, मतदार दुसऱ्या नावासाठी मत देत नाही. मात्र दुसऱ्या नावावरून तो पहिल्याची परीक्षा करतो. ज्याला राज्य चालवायचे आहे त्याने आपल्या हाताने केलेली पहिली मोठी निवड कशी केली, घाईने की विचाराने, गुण पाहून की गणित मांडून, हे मतदाराला त्यातून दिसते.

१९७२ साली मॅकगव्हर्न यांनी निवडलेले टॉमस ईगल्टन हे नैराश्यावर रुग्णालयात विजेच्या झटक्यांचे उपचार घेऊन आलेले होते, ही गोष्ट निवडीनंतर उघडकीस आली. मॅकगव्हर्न प्रथम त्यांच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले आणि थोड्याच दिवसांत त्यांनीच ईगल्टन यांना दूर केले. ईगल्टन यांच्या आजाराबद्दल मतदाराचे मत काहीही असो. आपल्या सहकाऱ्याची नीट चौकशी न करणारा आणि नंतर शब्द फिरवणारा नेता, ही मॅकगव्हर्न यांची प्रतिमा त्या प्रकरणाने पक्की केली. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव बहुधा अटळ होता, पण त्याला हा अकारण भार झाला. २००८ साली जॉन मॅकेन यांनी आपल्या बहात्तराव्या वाढदिवशी सारा पेलिन यांचे नाव जाहीर केले. राज्यपालपदाची दोन वर्षेही पूर्ण न झालेली व्यक्ती त्या वयाच्या अध्यक्षाच्या मागे उभी करण्यात शहाणपण किती, असा प्रश्न लोकांनी मॅकेन यांच्याबद्दल विचारला. उलटपक्षी १९८८ साली डॅन क्वेल यांची यथेच्छ टिंगल होऊनही बुश यांनी चाळीस राज्ये जिंकली, हेही नमूद केले पाहिजे. मतदाराची ही परीक्षा प्रत्येक वेळी निर्णायक ठरते असे नाही. ती त्याला करता येते, एवढेच येथे महत्त्वाचे.

आणि ती करण्यास सबळ कारण आहे. अमेरिकेच्या इतिहासात नऊ उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येच अध्यक्ष झाले. आठ अध्यक्षांच्या मृत्यूमुळे आणि एक, १९७४ साली, राजीनाम्यामुळे. ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते. शेतकरी बैलजोडी घेताना दोन्ही बैलांचे दात पाहतो, एकाचेच नव्हे. ज्या पक्षाने १९६९ पर्यंत बैलजोडी हेच निवडणूक चिन्ह मिरवले, त्याच्या महाराष्ट्रातील वारसांनी आणि विरोधकांनीही मतदाराला जोडीतला दुसरा बैल कधी दाखवला नाही, हा योगायोग गमतीचा खरा.

आपल्या राज्यघटनेला उपमुख्यमंत्री हे पद माहीत नाही. १९८९ साली देवीलाल यांनी शपथ घेताना ‘मंत्री’ या शब्दाऐवजी ‘उपपंतप्रधान’ म्हटले. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हे केवळ वर्णन आहे, कायद्याने ते मंत्रीच, असा निर्वाळा मिळाला. उपमुख्यमंत्र्यांच्या नेमणुकीविरुद्धची याचिकाही २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने फेटाळली. अर्थात या पदाला वारसाहक्क नाही. १९६३ साली मारोतराव कन्नमवार यांचे मुख्यमंत्रिपदावर असताना निधन झाले, तेव्हा बाळासाहेब तथा पी. के. सावंत यांनी काही दिवस काम पाहिले आणि नंतर वसंतराव नाईक आले. उद्या एखाद्या उपमुख्यमंत्र्यावर तसा प्रसंग आला, तरी त्याचा हक्क सावंतांहून अधिक नसेल. मग हे पद आहे कशासाठी?

त्याचा उगमच याचे उत्तर देतो. १९७८ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेस परस्परांविरुद्ध लढल्या होत्या. मार्चमध्ये त्या एकत्र आल्या. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री. ज्याने रेड्डी काँग्रेसला मत दिले त्याला तिरपुडे मिळाले, आणि ज्याने तिरपुड्यांच्या पक्षाला मत दिले त्याला वसंतदादा. पद जन्माला आले ते मतदाराच्या निवडीतून नव्हे, तर दोन पक्षांच्या वाटणीपत्रातून. ते सरकार जुलैत कोसळले. १९९९ साली तेच घडले. काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढून अनुक्रमे ७५ आणि ५८ जागांनिशी एकत्र आले आणि विलासराव देशमुखांच्या शेजारी छगन भुजबळ बसले. १९९५ ची मनोहर जोशी आणि गोपीनाथ मुंडे ही जोडी तेवढी निवडणूकपूर्व युतीतून आली. अमेरिकन पद्धतीच्या सर्वांत जवळची म्हणावी अशी. २०१९ नंतर तर कोणताही धरबंध उरला नाही. २३ नोव्हेंबरच्या पहाटेनंतर सकाळी शपथ घेतलेले उपमुख्यमंत्री अवघे चार दिवसही टिकले नाहीत, आणि सुमारे महिनाभराने तेच दुसऱ्या मुख्यमंत्र्यांच्या हाताखाली पुन्हा त्याच पदावर आले. २०२२ साली माजी मुख्यमंत्री उपमुख्यमंत्री झाले आणि २०२४ साली तो क्रम उलटला. मतदाराला या अदलाबदलीत एकदाही विचारले गेले नाही.

या यादीकडे आणखी एका दृष्टीने पाहिले पाहिजे. तिरपुडे विदर्भातील दलित नेते, मुंडे आणि भुजबळ इतर मागासवर्गीयांचे. प्रथमस्थानी एक समाज आणि एक विभाग, द्वितीयस्थानी दुसरा, असा तोल साधण्याची कला केनेडी-जॉन्सन जोडीतही होती. परंतु तेथील दुसरे स्थान तीन वर्षांत पहिले झाले. महाराष्ट्रात २०२४ पर्यंत उपमुख्यमंत्री राहून पुढे मुख्यमंत्री झालेले नाव एकच, आणि ते आधीच पाच वर्षे मुख्यमंत्री राहिलेले. म्हणजे वंचित समाजाच्या नेत्याला देण्यात येणारी ही पायरी वर जाणारी नाही. ती एक ओटा आहे, जेथे बसवून मानाचा विडा दिला जातो. या पदावर असताना स्वतःच्या नावावर लोकमान्यता मिळवणारे आर. आर. पाटील हे विरळा उदाहरण. ग्रामस्वच्छता अभियानाने खेड्यापाड्यांत आणि डान्सबारबंदीने शहरांत त्यांना लोक ओळखत. आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर एका वाक्यामुळे त्यांना पद सोडावे लागले, म्हणजे लोकांनी त्यांची परीक्षा केली ती दोन्ही अंगांनी. मात्र तीही निवडणुकीनंतर, पद मिळाल्यावर.

आता उलव्याकडे वळावे. येथे स्वतःची नगरपालिका नाही. रस्ता, भूखंड आणि हेटवणे धरणाचे पाणी या सर्वांसाठी नागरिकांचे तोंड सिडकोकडे, आणि सिडको नगरविकास खात्याच्या अखत्यारीत. नवी मुंबईतील नागरिक नगरसेवक निवडतो. उलव्यातील नागरिकाला नित्याच्या गरजांसाठी मंत्रालयातील एका खात्याशीच संबंध. ते खाते २०१९ अखेर आलेल्या सरकारात एकनाथ शिंदे यांच्याकडे आले, ते मुख्यमंत्री झाल्यावरही त्यांच्याकडे राहिले, आणि डिसेंबर २०२४ च्या खातेवाटपात उपमुख्यमंत्री म्हणून पुन्हा त्यांच्याकडेच आले. मधल्या काळात तीन सरकारे झाली आणि मुख्यमंत्रीही तीन. उलव्याच्या दृष्टीने मुख्यमंत्री कोण यापेक्षा नगरविकास कोणाकडे हा प्रश्न मोठा. आणि तो प्रश्न उपमुख्यमंत्रिपदाच्या सौद्यात सुटतो.

विमानतळाच्या नावाचे प्रकरण येथील जुन्या गावकऱ्यांच्या स्मरणात ताजे आहे. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर आदी गावे त्या विमानतळासाठी उठली. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. २०२१ साली सिडकोने त्याला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव केला. १९८४ च्या जासई-नवघर गोळीबारात पाच बळी दिलेल्या भूमिपुत्रांनी आपल्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांच्या नावासाठी त्या जूनमध्ये मानवी साखळी केली आणि सिडको भवनाला घेराव घातला. २०२२ साली जाणाऱ्या सरकारने आणि येणाऱ्या सरकारनेही दि. बा. पाटील यांच्या नावाचा निर्णय घेतला. लोकांच्या रेट्याचा हा विजय निःसंशय. परंतु खाते तेच, महामंडळ तेच, मंत्रीही तेच. भूमिका तेवढी बदलली. निवडणुकीत कोणी हा प्रश्न विचारला असता, तर उत्तर देण्यास बांधील असा माणूसच मतदारासमोर उभा नव्हता.

यावर असा आक्षेप येईल की, निकाल त्रिशंकू लागले तर पक्षांनी एकत्र येऊ नये काय? अवश्य यावे. १९७८ च्या जुलैत पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले, तेही निवडणुकीनंतरच जुळले. ९९ जागांच्या जनता पक्षाने लहान गटाच्या शरद पवारांचे नेतृत्व मान्य केले, सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री झाले, आणि सदानंद वर्दे, निहाल अहमद, एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसे मंत्रिमंडळात बसली. त्या सरकारने काही चांगली कामे केली म्हणून त्याच्या जन्माची ही पद्धत निर्दोष ठरत नाही. समाजवादी कार्यकर्त्यांनी ही गोष्ट मोकळेपणाने कबूल करावी. दुसऱ्यांच्या वाटणीपत्रावर टीका करताना आपले विसरून चालणार नाही. मात्र २०२४ मध्ये निकाल त्रिशंकू नव्हता. लढण्यापूर्वीच एकत्र आलेल्या तीन पक्षांना १३२, ५७ आणि ४१ जागा मिळाल्या. त्यांना पहिले, दुसरे आणि तिसरे नाव, आणि खात्यांची ढोबळ वाटणी, आधी जाहीर करण्यात कोणती अडचण होती? अडचण एवढीच की, नावे जाहीर केली असती तर तिघांपैकी दोघांचे कार्यकर्ते हिरमुसले असते. म्हणजे कार्यकर्त्यांचा उत्साह टिकावा म्हणून मतदाराला अंधारात ठेवायचे. अर्थशास्त्रात विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात अशा मालाच्या बाजाराची चर्चा होते. येथे तर विक्रेत्यालाही माल ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक नसल्याचे सोंग होते.

म्हणून मागणी साधी आहे. निवडणूकपूर्व आघाडीने आपल्या जाहीरनाम्याबरोबरच मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांची नावे आणि गृह, वित्त, महसूल व नगरविकास ही खाती कोणत्या पक्षाकडे जातील हे लेखी प्रसिद्ध करावे. त्यासाठी घटनादुरुस्ती नको, कायदाही नको. असे आश्वासन मोडता येते, हे खरे. पण मोडलेले आश्वासन दाखवता येते, आणि न दिलेले दाखवता येत नाही.

ही मागणी उलव्यात आणि उरणमध्ये मांडताना कार्यकर्त्यांना एक अडचण भासेल, ती लपवण्यात अर्थ नाही. २०२४ मध्ये येथे विरोधी आघाडीतील शेतकरी कामगार पक्ष आणि शिवसेनेचा ठाकरे गट हे दोघेही एकमेकांसमोर उभे राहिले आणि जागा तिसऱ्यानेच जिंकली. ज्यांना उरणची एक जागा आपसांत ठरवता आली नाही, त्यांच्याकडून मंत्रालयातील खाती आधी ठरवून घेण्याची अपेक्षा करणे अवघड वाटेल. तरीही ही लेखी यादी प्रथम त्यांच्याकडेच मागावी, जागावाटपाच्या पहिल्या बैठकीत मागावी, आणि ती हाती येईपर्यंत प्रचाराची पत्रके छापावयास देऊ नयेत.