३.८ मोठे की २.४? दोन जुन्या प्रोसेसरांचा न शिकलेला धडा

डिसेंबर २०२५मध्ये सी-डॅकच्या ‘ध्रुव६४’ या भारतीय प्रोसेसरची घोषणा झाली : ६४ बिट, दोन गाभे, १ गिगाहर्ट्झ, आणि रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर उभी रचना. अशा प्रत्येक घोषणेनंतर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, भारताने जगाची बरोबरी केली. दुसरा हसून सांगतो की १ गिगाहर्ट्झचा टप्पा जगाने २००० सालीच ओलांडला. दोघांची मते परस्परविरोधी असली तरी पाया एकच आहे : घड्याळाच्या वेगाचा एक सुटा आकडा. त्या आकड्यावरून प्रोसेसरची पारख करता येत नाही, हे वीस वर्षांपूर्वी घरोघरीच्या टेबलांवर सिद्ध झालेले आहे. तो खटला पुन्हा उघडून पाहण्याजोगा आहे.

खटल्यातले दोन पक्ष एकाच कंपनीचे, इंटेलचे. पहिला पेंटियम ४, क्रमांक ५७०जे, नोव्हेंबर २००४चा : घड्याळ ३.८ गिगाहर्ट्झ, गाभा एक, ट्रान्झिस्टर साडेबारा कोटी, उष्णतेची रचना-मर्यादा ११५ वॅट. दुसरा कोअर २ ड्युओ, क्रमांक ई६६००, जुलै २००६चा : घड्याळ अवघे २.४ गिगाहर्ट्झ, गाभे दोन, ट्रान्झिस्टर सुमारे २९ कोटी, मर्यादा ६५ वॅट. जाहिरातीच्या हिशेबाने पहिला दीडपटीहून वेगवान. प्रत्यक्षात बहुतेक कामांत दुसरा पुढे गेला, आणि तोही एकाच गाभ्यावर चालणाऱ्या कामांतसुद्धा.

हे कसे घडले? एखाद्या कामाला लागणारा वेळ तीन गोष्टींवर ठरतो : एकूण आज्ञा किती, प्रत्येक आज्ञेला सरासरी किती ठोके लागतात, आणि एका सेकंदात ठोके किती. गिगाहर्ट्झ ही यातली फक्त तिसरी गोष्ट. भरभर पावले टाकणारा आणि लांब ढांगा टाकणारा, यांत गावाला आधी कोण पोहोचेल हे केवळ पावले मोजून सांगता येत नाही.

पेंटियम ४च्या रचनाकारांनी पावले वाढवण्याचा मार्ग धरला. आज्ञा पार पाडण्याचे काम त्यांनी ३१ लहान टप्प्यांत वाटले. टप्पा जितका लहान, तितका ठोका जलद. कोअर २मध्ये टप्पे १४च होते, पण तो एका ठोक्यात चार आज्ञांपर्यंत हाताळू शकत असे. लांब रांगेची किंमत शाखांपाशी मोजावी लागते. ‘अमुक असेल तर तमुक कर’ अशी आज्ञा आली की प्रोसेसर पुढची वाट अंदाजाने धरतो. अंदाज चुकला की रांगेतले अर्धवट काम टाकून द्यावे लागते.

ढोबळ हिशेब असा. १०० आज्ञांत २० शाखा आणि त्यांत एक अंदाज चुकीचा, असे धरू. ठोक्याला एक आज्ञा या दराने पेंटियम ४ला १०० अधिक ३१, म्हणजे १३१ ठोके, ३.८ गिगाहर्ट्झवर सुमारे ३४ नॅनोसेकंद. याच दराने कोअर २ला ११४ ठोके, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर सुमारे ४७ नॅनोसेकंद. अर्थात केवळ आखूड रांगेने विजय मिळत नाही, येथे पेंटियमच जिंकतो. पण कोअर २ने ठोक्याला सरासरी दोन आज्ञा उरकल्या, तर ५० अधिक १४, एकूण ६४ ठोके, सुमारे २७ नॅनोसेकंद. पारडे येथे फिरते. हे आकडे समजण्यापुरते गृहीत धरलेले आहेत. मात्र निकाल अनेक राशींच्या गुणाकारातून लागतो, एकीतून नव्हे, हे त्यांतून स्पष्ट होते.

दुसरा अडसर पदार्थविज्ञानाचा होता. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती ही धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता वाढवायची तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. उलट दोन्ही २० टक्क्यांनी घटवली तर ०.८चा घन, म्हणजे ०.५१, शक्ती जवळपास निम्मी. तेवढ्याच विजेत दोन गाभे चालतात, आणि काम विभागता आले तर ते १.६ पट होते. बहुगाभा प्रोसेसरांमागचे साधे गणित हेच आहे. शिवाय ९० नॅनोमीटरच्या पिढीत बंद ट्रान्झिस्टरांतूनही झिरपणारा प्रवाह दुर्लक्षिण्याजोगा उरला नव्हता. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलने ऑक्टोबर २००४मध्ये रद्द केला. त्याचा नियोजित वारस तर त्याच वर्षी मे महिन्यात गुंडाळला गेला होता. त्याचे सांकेतिक नाव होते ‘तेजस’.

येथे एक आक्षेप योग्य ठरेल. पहिला ९० नॅनोमीटरचा, दुसरा ६५चा. मग श्रेय रचनेचे की कारखान्याचे? उत्तर उपलब्ध आहे. २००६च्या आरंभी पेंटियम ४ही ६५ नॅनोमीटरवर बनला, ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत गेला, तरी ई६६००च्या मागेच राहिला. सुटसुटीत, सरळ धावणाऱ्या माहितीप्रवाहांत, उदाहरणार्थ चित्रफितींच्या रूपांतरात, पेंटियम ४ चांगला चाले, हेही नोंदवले पाहिजे. तो मूर्खांचा प्रोसेसर नव्हता. एका आकड्यावर लावलेला मोठा डाव होता. ज्या परंपरेतून कोअर २ आला, ती मात्र इस्राएलमधील हैफा येथील चमूने लॅपटॉपसाठी जोपासली होती. बॅटरीची मर्यादा हीच तिची शाळा ठरली.

या कथेचा एक धागा बंगळुरूच्या पूर्व भागात येतो. के. आर. पुरमच्या दूरवाणीनगरात १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना आहे. तेथून पुढे व्हाइटफील्ड, जिथवर मार्च २०२३पासून के. आर. पुरमहून मेट्रो धावते. इंटेलच्या बंगळुरू केंद्रात घडत असलेल्या चार गाभ्यांच्या सर्व्हर-प्रोसेसरला ‘व्हाइटफील्ड’ हेच सांकेतिक नाव होते. २००५मध्ये तो रद्द झाला. पण केंद्र थांबले नाही. सप्टेंबर २००८मध्ये तेथेच आरेखित झालेला ‘डनिंग्टन’ बाजारात आला : ४५ नॅनोमीटर, सहा गाभे, १९० कोटी ट्रान्झिस्टर, आणि ते गाभे होते कोअर २च्याच कुळातले, तीन जोड्यांत मांडलेले. रद्द झालेल्या चिपमधून माणसे शिकून बाहेर पडतात, हा कोणत्याही घोषणेत न छापला जाणारा नफा आहे.

म्हणून ‘ध्रुव६४’कडे पाहताना १ गिगाहर्ट्झवर हसणे आणि त्याच आकड्याचा जयघोष करणे, दोन्ही सारखेच उथळ आहे. विचारण्याजोगे प्रश्न निराळे : प्रमाणित चाचणी-प्रणालींवर तो ठोक्याला किती आज्ञा पार पाडतो? एका कामाला किती ज्यूल खर्च करतो? कंपायलर किती परिपक्व आहे? सरकारी संस्थांनी प्रत्येक नव्या प्रोसेसरबरोबर ही मोजमापे खुली करावीत. जनतेच्या पैशातून घडलेल्या यंत्राचे गुणपत्रक जनतेला दिसले पाहिजे; त्यात उणे गुण असले तरीही.

आणि मोजण्याची सवय लावायला नवी चिपच हवी असे नाही. अनेक महाविद्यालयांच्या अडगळीत हे दोन्ही जुने प्रोसेसर आजही सापडतील. भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर एकच प्रोग्रॅम चालवावा, वेळ नोंदवावा, भिंतीवरच्या वीजमापकाने वॅट मोजावेत, आणि दोन्हींचा गुणाकार फळ्यावर मांडावा. मापकात संपूर्ण संगणकाची वीज मोजली जाते, हे ध्यानात ठेवून रिकाम्या अवस्थेतील खर्च वेगळा टिपावा. एका दुपारच्या या प्रयोगातून विद्यार्थी जे शिकेल, ते त्याला पुढच्या प्रत्येक घोषणेसमोर शहाणे ठेवील. देशाला प्रोसेसर घडवणारे हात हवेत हे खरेच; त्यांच्याइतकेच, घडलेला प्रोसेसर निःसंकोच मोजणारे डोळेही हवेत.