‘दोघी’ पूर्ण दाखवा

यंदाच्या ८ मार्चला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आम्ही कार्यक्रम घेतला. टॉवेलच्या कारखान्यांत शिलाई करणाऱ्या, घड्या घालून पॅकिंग करणाऱ्या, यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरणाऱ्या बायका शिफ्ट सुटल्यावर तशाच आल्या होत्या, केसांत कापसाची पूस घेऊन. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून विडी कामगार बायकाही आल्या. मिळून सत्तर-ऐंशी जणी. कार्यक्रम नेहमीचाच: दोन गाणी, कायद्याची माहिती, ‘दोघी’ या चित्रपटातली वीस मिनिटे, त्यावर चर्चा, मग चहा-चिवडा.

वीस मिनिटे झाली. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाला अपघात झाला, नवरदेव गेला, गौरी अपशकुनी ठरली आणि मुंबईला पाठवली गेली. तेवढ्यात आमच्या कार्यकर्तीने लॅपटॉप बंद केला आणि विचारले, “आता सांगा, गौरीच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?” कोणी बोलेना. मग मागच्या भिंतीला टेकून बसलेली एक विडीवाली मावशी म्हणाली, “त्या पोरीचं पुढं काय झालं वो?”

“ते नंतर कधीतरी पाहू मावशी. आता आपण चर्चा करू.”

“पुढचं न बघता काय बोलायचं?”

कार्यकर्ती हसली, बायकाही हसल्या, आणि चर्चा आम्हीच चार जणींनी केली. नियोजनाच्या बैठकीत मी या वीस मिनिटांना विरोध केला होता. “बायकांना वेळ नसतो,” “इतका लांब सिनेमा त्यांना झेपत नाही,” “मुद्दा पोचला म्हणजे झालं,” असे म्हणून तो मोडून काढण्यात आला. मी अल्पमतात गेले. बैठकीत पाच मिनिटांत जे सांगता आले नाही ते इथे सांगते, कारण हा प्रकार फक्त आमच्याकडे होत नाही हे मला ठाऊक आहे. मैत्रिणींनो, तुमच्या शिबिरांतही तेच चालते.

आधी या वेळ नसण्याबद्दल. ज्या बायकांना वेळ नसतो असे आपण म्हणतो त्याच बायका रात्री भांडी उरकून तेलुगू सिनेमा शेवटपर्यंत बघतात आणि दुसऱ्या दिवशी माग सुरू असताना ओरडून ओरडून त्याची गोष्ट शेजारणीला सांगतात. तीन तासांची गोष्ट त्यांना झेपत नाही हा शोध कोणी लावला? आपणच. आपल्याला सभागृह सात वाजता रिकामे करायचे असते, अहवालात उपस्थिती लिहायची असते. वेळ आपल्याला नसतो.

आता सिनेमाकडे येऊ. ‘दोघी’ १९९५ साली आला. दिग्दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे. गौरीचे काम रेणुका दफ्तरदारने केले, धाकट्या कृष्णाचे सोनाली कुलकर्णीने, आणि आईचे उत्तरा बावकर यांनी. शहरात गेलेली गौरी शरीर विकून जगते आणि घरी पैसे पाठवते. त्या पैशांवर घर चालते, आजारी बापाचे होते, कृष्णाचे लग्न ठरते. गौरी लग्नासाठी गावी येते आणि तिची सावलीही कार्यावर नको असते. पैसे चालतात, ती चालत नाही. चित्रपटाचा सगळा आरोप इथे आहे. गौरीला फसवणाऱ्या शहरावर बोट ठेवणे सोपे होते. सुमित्राताईंनी कॅमेरा घराच्या उंबऱ्यावर ठेवला, तिच्या पैशाने सारवलेल्या अंगणात.

आम्ही दाखवलेल्या वीस मिनिटांत हे काहीच नव्हते. त्यात होती एक दुर्दैवी मुलगी. दुर्दैवावर हळहळण्यापलीकडे काय बोलायचे? पण एमआयडीसीतल्या त्या खोलीत अशा मुली बसल्या होत्या, ज्यांच्या शिलाईच्या पगारातून भावाच्या गाडीचा हप्ता जातो आणि ज्यांना घरात “तू मध्ये बोलू नको” असे सांगितले जाते. परत आलेल्या गौरीला पाहून त्यांनी काय काय बोलून दाखवले असते! आम्ही त्यांना ती भेटूच दिली नाही.

आणि हे आपण कोणाच्या सिनेमाशी केले, त्याचाही विचार करा. सुमित्रा भावे यांचा जन्म १२ जानेवारी १९४३ चा, पुण्याचा. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या, कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणाऱ्या बाई. चित्रपटाचे रीतसर शिक्षण नाही. ‘स्त्रीवाणी’च्या संशोधनासाठी त्या वस्त्यांमधल्या बायकांशी बोलत होत्या. ते बोलणे अहवालात जाणार, अहवाल अभ्यासक वाचणार, आणि ज्या बाईने आपले आयुष्य उघडून सांगितले तिच्या हातात त्यातले काही पडणार नाही, कारण तिला वाचता येत नाही. हे त्यांना खटकले. जिच्याकडून घेतले तिला परत द्यायचे, तर ते तिला बघता येईल, ऐकता येईल अशा रूपात द्यायला हवे. यातून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. दारुड्या नवऱ्याबरोबर संसार ओढणाऱ्या, मग स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या झोपडपट्टीतल्या बाईची ती गोष्ट. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, गावच्या पाण्यासाठी एकत्र येणाऱ्या बायकांवरचा ‘पाणी’ आला.

म्हणजे या बाई सिनेमाकडे आल्या त्या अहवालाला कंटाळून. आणि आपण काय केले? त्यांच्या सिनेमाचा पुन्हा अहवाल केला. वीस मिनिटांचा उतारा, खाली तीन प्रश्न, गटचर्चा, निष्कर्ष. ज्या खड्ड्यातून त्यांनी बायकांचे बोलणे बाहेर काढले त्याच खड्ड्यात ते आपण परत ढकलले, आणि त्याला जाणीवजागृती म्हटले.

सरकारने तरी दुसरे काय केले म्हणा. पुरस्कार दिले, पण कोणत्या नावाने ते पाहा. ‘बाई’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कुटुंबकल्याणावरचा चित्रपट म्हणून. एक बाई माराला आणि दारूला तोंड देऊन उभी राहते, आणि कल्याण कोणाचे, तर कुटुंबाचे! ‘दोघी’ला मिळाला तो ‘इतर सामाजिक प्रश्न’ या खात्यातला. इतर. २००४ चा ‘देवराई’ हा स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाचा आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचा चित्रपट. त्याला पुरस्कार मिळाला पर्यावरण संवर्धनासाठी. देवराईतली झाडे परीक्षकांना दिसली. बहीण दिसली की नाही, देव जाणे. पुढे २०१७ मध्ये जाहीर झालेल्या पुरस्कारांत ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्याआधी हा मान मिळालेले मराठी चित्रपट चार: ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’. दिग्दर्शक म्हणून बाईचे नाव असलेला ‘कासव’ पहिला. त्या वेळी सुमित्राताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. कोणतेही विशेषण न लावता नुसता ‘चित्रपट’ म्हणवून घ्यायला ‘बाई’पासून बत्तीस वर्षे लागली.

त्यांच्याबद्दल लिहिताना एक वाक्य नेहमी येते: “त्या या क्षेत्रात तशा उशिराच आल्या.” पहिला लघुपट बेचाळिसाव्या वर्षी, पहिला कथापट बावन्नाव्या. हा उशीर कोणाच्या घड्याळाने मोजला? त्या चाळीस वर्षांत त्यांनी शिकवले, खेडी-वस्त्या पालथ्या घातल्या, शेकडो बायकांचे ऐकून घेतले. पुरुष दिग्दर्शकाची विशीतली उमेदवारी ‘तयारी’ ठरते, आणि बाईची वीस वर्षांची तयारी ‘उशीर’.

ही गोष्ट फक्त पुण्याची नाही. उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशिया देशात मुफिदा त्लातली नावाची बाई होती. जन्म १९४७ चा, म्हणजे सुमित्राताईंपेक्षा चार वर्षांनी लहान. पॅरिसला जाऊन चित्रपटाचे शिक्षण घेतले, परत येऊन वर्षानुवर्षे इतरांचे, बहुतेक पुरुषांचे, चित्रपट संकलित केले. त्या अरब चित्रपटांची नावे झाली. हिचा स्वतःचा पहिला चित्रपट आला १९९४ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. तिची आई आजारात अबोल झाली आणि तिच्या पिढीच्या बायकांनी काय काय गिळले हे आता विचारायचे राहून गेले, या टोचणीतून तो झाला. नाव, राजवाड्यातल्या शांतता. राजवाड्यातल्या मोलकरणी आणि त्यांच्या मुली, मालकांनी त्यांच्याशी केलेला व्यवहार, आणि स्वातंत्र्य आल्यावरही न सुटलेल्या गाठी. कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. शिक्षण नसलेली बाई ‘उशिरा’ आली, आणि परदेशी शिक्षण घेतलेलीही ‘उशिरा’च! तेव्हा शिक्षणाचे कारण पुढे करू नका.

त्लातलीचा दुसरा चित्रपट २००० सालचा, ‘पुरुषांचा हंगाम’ अशा अर्थाच्या नावाचा. तो आपल्या मागवाल्या बायकांनी बघायलाच हवा. जेर्बा नावाच्या बेटावर बायका गालिचे विणतात. पुरुष वर्षातले अकरा महिने राजधानीत पोटापाण्यासाठी राहतात आणि एक महिना घरी येतात. तोच तो हंगाम. बाकी वर्षभर सासूचे राज्य. ऐशा नावाची विणकरीण नवऱ्याबरोबर शहरात जायला मागते. जा म्हणतात, पण आधी मुलगा दे. मुली होतात, मग मुलगा होतो, आणि तो स्वमग्न निघतो. त्याला घेऊन ती पुन्हा त्याच बेटावर येते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही घरात हे सांगून बघा, बेट कुठले आहे हे कोणी विचारणार नाही.

त्यानंतर २००४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी केलेला एक चित्रपट. एवढीच त्लातलीची गाठोडी. ७ फेब्रुवारी २०२१ ला ती गेली. १९ एप्रिलला पुण्यात सुमित्रा भावे गेल्या.

सुमित्राताईंची गाठोडी मोठी: डझनाहून अधिक कथापट, कितीतरी लघुपट. त्या मोठेपणात सुनील सुकथनकरांचा वाटा आहे, बहुतेक श्रेयनामावल्यांत दोन्ही नावे आहेत. पण कथा-पटकथा सुमित्राताईंची असूनही “तंत्राची बाजू तो बघत असेल, भावनेची बाजू ही” असे मी आपल्याच एका शिबिरात ऐकले आहे, तेही कार्यकर्तीच्या तोंडून. बाईने भावना आणि पुरुषाने यंत्र सांभाळायचे! माग चालवणाऱ्याला मजुरी जास्त आणि कांडी भरणारीला कमी, हे आपण मोर्चात ज्या तोंडाने नाकारतो त्याच तोंडाने हे बोलतो.

मी त्यांची भक्त नाही. नंतरच्या काही चित्रपटांतली माणसे मला जरा जास्तच समजूतदार वाटतात. चिडायला हवे तिथे ती गप्प होऊन झाडाकडे बघतात. पण २०१३ च्या ‘अस्तु’पुढे मी हात जोडते. स्मृती गेलेले एक विद्वान प्राध्यापक हत्तीच्या मागे जातात आणि हरवतात. शिकलेली लेक अपराधी मनाने शोधत फिरते, आणि इकडे माहुताची कानडी बोलणारी बायको त्या परक्या म्हाताऱ्याला लेकरासारखे भरवते. अमृता सुभाषला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवादांसाठी सुमित्राताईंना. अक्कलकोटकडच्या आपल्या बायका हा चित्रपट बघतील तेव्हा शहाणपण आपल्या भाषेत बोलताना त्यांना पडद्यावर दिसेल. पण तो त्यांना कोण दाखवणार? आमच्या भागात मी विचारत फिरले. कारखान्यांत, वसाहतीत, ‘अस्तु’ किंवा ‘कासव’ पाहिलेली एकही बाई मला भेटली नाही. सुमित्राताईंचा ‘दिठी’ त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याने, मे २०२१ मध्ये, लोकांसमोर आला तो सोनी लिव्हवर, वर्गणी भरणाऱ्यांच्या मोबाइलवर. छाट काढून हाती येणाऱ्या विडीच्या मजुरीतून ती वर्गणी कोणी भरावी?

राज्य शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. तो पैसा त्या बायकांचाही आहे. अनुदान घेतलेला प्रत्येक चित्रपट काही वर्षांनी कामगार वसाहतींत, ग्रामपंचायतींत, बचत गटांत विनामूल्य दाखवता आला पाहिजे, अशी मागणी आपण का करत नाही? दारूबंदीचे निवेदन आपल्याला पाठ आहे. पडद्यावरच्या हक्काचे निवेदन आपण एकदाही लिहिलेले नाही, कारण सिनेमा म्हणजे चैन, असे आपल्यालाही आतून वाटते. मसुदा मी करायला घेतला आहे. पुढच्या बैठकीत मांडेन, आणि पुन्हा अल्पमतात गेले तर पुन्हा लिहीन.

दरम्यान, त्या विडीवाल्या मावशीला मी शब्द दिला आहे. पुढच्या महिन्यात, पगार झाल्यानंतरच्या शनिवारी आणि रविवारी, वसाहतीतल्या एका अंगणात ‘दोघी’ दोन रात्रींत पूर्ण दाखवणार आहोत. तेलुगू घरांतल्या म्हाताऱ्यांसाठी एक जण शेजारी बसून सांगत जाईल. एका कारखानदाराने गोदाम देऊ केले होते, सिनेमा कशावर आहे हे कळल्यावर मागे घेतले. बरेच झाले, अंगणात वारा असतो. पडद्यासाठी शिलाईतल्या दोघींनी पांढऱ्या कापडाचे पन्हे जोडून द्यायचे कबूल केले आहे. प्रोजेक्टर मात्र अजून मिळालेला नाही. सोलापुरात ज्या गटाकडे असेल त्यांनी कळवावे, दोन रात्रींसाठी हवा आहे. चर्चेचे प्रश्न पाठवू नयेत.