विश्लेषण : ‘गुरिल्ला’ म्हणजे युद्ध, योद्धा की जाहिरात?

‘गुरिल्ला’ हा शब्द बातम्यांत सर्रास दिसतो. कधी जंगलातील सशस्त्र गटासाठी, कधी शिवकालीन युद्धतंत्रासाठी, तर कधी कमी खर्चातील जाहिरातीसाठी. या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ मात्र साधा आहे आणि तो विसरला की गफलत होते.

शब्द आला कोठून?

स्पॅनिशमध्ये ‘गेर्रा’ म्हणजे युद्ध आणि ‘गेर्रिया’ म्हणजे छोटे युद्ध. लढणाऱ्याला तेथे ‘गेर्रियेरो’ म्हणतात. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी स्पेन व्यापला. नियमित सैन्याचा पराभव झाला, तरी गावोगावच्या टोळ्यांनी फ्रेंचांची रसद आणि टपाल तोडून त्यांना जेरीस आणले. याच युद्धात हा शब्द इंग्रजीत गेला आणि तेथे युद्धापेक्षा योद्ध्यालाच अधिक चिकटला. गोरिला या प्राण्याशी त्याचे नाते नाही. ते नाव ग्रीकमधून आले आहे.

गनिमी काव्याशी संबंध काय?

पद्धत मिळतीजुळती, शब्द स्वतंत्र. ‘गनीम’ म्हणजे शत्रू. हा शब्द फारसीतून मराठीत आला. शिवाजी महाराजांचे निधन १६८० मध्ये झाले, म्हणजे स्पेनमधील लढ्याच्या सव्वाशे वर्षे आधी. गंमत अशी, की १८०३ मध्ये असईच्या लढाईत आर्थर वेलस्लीसमोर मराठ्यांनी गनिमी काव्याऐवजी कवायती फौज उभी केली आणि त्यांचा पराभव झाला. पुढे हाच वेलस्ली स्पेनमध्ये गेर्रिया टोळ्यांच्या मदतीने फ्रेंचांशी लढला.

मग अडचण कोठे आहे?

१९८४ मध्ये जे कॉनराड लेव्हिन्सन यांच्या पुस्तकाने ‘गुरिल्ला मार्केटिंग’ रूढ केले. तेथे शब्द सैल वापरला तरी फारसे बिघडत नाही. संघर्षाच्या बातमीत मात्र बिघडते. ‘गुरिल्ला’ हा शब्द लढण्याची पद्धत सांगतो, न्याय-अन्याय नाही. दबा धरणे, अचानक घाव घालणे आणि निसटणे हे स्वातंत्र्यासाठी लढणाराही करतो आणि गावकऱ्यांना वेठीस धरणाराही. म्हणून या शब्दाने कोणी वीर ठरत नाही, की गुन्हेगारही. हल्ला सैनिकांवर झाला की नि:शस्त्र माणसांवर, हे बातमीने स्पष्ट सांगायला हवे. तेवढे कळले, तर कोणाला काय म्हणायचे हे वाचक स्वतः ठरवू शकतो.