विश्लेषण : युद्धविरोधक परतलेल्या सैनिकांवर खरेच थुंकले होते का?

व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवर विमानतळांवर युद्धविरोधी तरुण थुंकले, ही गोष्ट अमेरिकेत बहुतेकांनी ऐकलेली असते. ‘फर्स्ट ब्लड’ (१९८२) चित्रपटाच्या शेवटी सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा रॅम्बोही हेच सांगत रडतो. ही गोष्ट आली कुठून, याचा माग जेरी लेम्बके या प्राध्यापकाने काढला.

लेम्बके कोण?

मॅसॅच्युसेट्समधील होली क्रॉस महाविद्यालयात ते समाजशास्त्र शिकवत. पण त्यांनी केलेले काम इतिहासकाराचे आहे. १९६९ मध्ये ते स्वतः व्हिएतनाममध्ये लष्करी धर्मगुरूचे मदतनीस होते; परतल्यावर युद्धविरोधी माजी सैनिकांच्या चळवळीत गेले. १९९०-९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास थुंकल्याच्या कहाण्या पुन्हा कानावर येऊ लागल्या. युद्धाला विरोध म्हणजे जवानांचा अपमान, असे त्यातून सुचवले जात होते. १९९८ मध्ये त्यांचे ‘द स्पिटिंग इमेज’ हे पुस्तक आले.

त्यांना काय आढळले?

कहाण्या पुष्कळ, पण त्या काळातला पुरावा अगदी तुटपुंजा. शिवाय कहाण्या एकाच साच्यातल्या. ठिकाण बहुधा सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ, थुंकणारी अनेकदा एखादी तरुणी आणि सैनिक मुकाट्याने निघून जातो. प्रत्यक्षात सैनिकांची विमाने अनेकदा ट्रॅव्हिससारख्या लष्करी तळावर उतरत. तिथून घरी जाण्यासाठी अनेकांना नागरी विमानतळ गाठावाच लागे, हेही खरे.

आक्षेप कोणते?

स्तंभलेखक बॉब ग्रीन यांनी १९८९ च्या पुस्तकात माजी सैनिकांची पत्रे छापली. त्यांत थुंकल्याचे अनुभव आहेत. कायद्याचे प्राध्यापक जिम लिंडग्रेन यांनी त्या काळातल्या काही बातम्याही शोधून दाखवल्या. त्यामुळे ‘असे कधी घडलेच नाही’ म्हणणे धाडसाचे ठरेल. लेम्बकेही तसे छातीठोकपणे म्हणत नाहीत. काहीच घडले नाही, हे सिद्ध कसे करणार? त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो जास्त महत्त्वाचा आहे : युद्ध सुरू असताना फारशी ऐकू न येणारी ही कहाणी १९८० नंतर एवढी मोठी का झाली?

या कहाणीने काय झाकले?

खुद्द सैनिकांचीच चळवळ. ‘व्हिएतनाम व्हेटरन्स अगेन्स्ट द वॉर’ ही संघटना १९६७ मध्ये उभी राहिली. लष्करी तळांच्या आसपास कॉफीहाऊस निघाली. तिथे गणवेशातली पोरे युद्धावर बोलत, चोरून छापलेली पत्रके वाचत. एप्रिल १९७१ मध्ये शेकडो माजी सैनिकांनी वॉशिंग्टनमध्ये संसद भवनासमोर आपली पदके फेकून दिली. त्याच आठवड्यात २७ वर्षांच्या जॉन केरी यांनी सिनेटच्या समितीपुढे या युद्धावर जळजळीत साक्ष दिली. ‘जवान एका बाजूला, आंदोलक दुसऱ्या बाजूला’ ही मांडणी या एका आठवड्यापुढेही टिकत नाही. कारण पदके फेकणारे हातच लढून आलेले होते.

तरीही लोकांच्या मनात मांडणी टिकली ती रॅम्बोचीच. एकदा ती पक्की झाली की हरलेल्या युद्धाचा हिशेब सोपा होतो. धोरण आखणारे सुटतात, दोष घरच्या विरोधकांवर जातो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतही ‘सैन्य हरले नाही, पाठीत सुरा खुपसला गेला’ असे सांगितले गेले होते, याकडे लेम्बके लक्ष वेधतात. केरींनाही याची किंमत मोजावी लागली. २००४ मध्ये ते अध्यक्षपदाचे उमेदवार असताना ३३ वर्षांपूर्वीची तीच साक्ष विरोधकांनी प्रचाराच्या जाहिरातीत त्यांच्याविरुद्ध वापरली.

दुसरी बाजू पडद्यावर आलीच नाही?

आली होती. १९७१ मध्ये जेन फोंडा आणि डोनाल्ड सदरलँड यांनी लष्करी तळांजवळ सैनिकांसाठी ‘एफटीए’ हा युद्धविरोधी कार्यक्रम केला. त्याला सैनिकांची गर्दी होत होती. त्यावरचा चित्रपट जुलै १९७२ मध्ये, फोंडा हनोईला गेल्या त्याच सुमारास, प्रदर्शित झाला आणि लगेच चित्रपटगृहांतून उतरवला गेला. पुढे कित्येक वर्षे तो कुणाला सहजी पाहायलाही मिळाला नाही. सैनिकांच्या या बंडावरचा ‘सर! नो सर!’ हा माहितीपट यायला २००५ उजाडले. रॅम्बोचे तोवर तीन भाग येऊन गेले होते.