निखाऱ्यावरची पहिली स्पर्धा

मैत्रिणींनो, घरात दोन्ही वेळा रांधणाऱ्या बाईला कुणी विचारलं, "पाककलेच्या स्पर्धेत भाग घेतेस का?" तर ती आधी हसते आणि मग म्हणते, "छे बाई, मला कुठलं जमायला!" मीही अगदी हेच म्हटलं होतं.

गेल्या थंडीत आमच्या चिंचवडच्या सोसायटीत 'निखाऱ्यावरचे पदार्थ' अशी स्पर्धा ठेवली होती. मुलं ज्याला बार्बेक्यू म्हणतात, तेच. शेगडी आपली, कोळसा आपला, वेळ दीड तास आणि पदार्थ मैदानात सगळ्यांसमोर करायचा. फलकावरची सूचना वाचून मी पुढे निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "नाव दे की. भरीत कर."

सासूबाई जळगावकडच्या. भरीत मी त्यांच्याच हाताखाली शिकले. पण मी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि माझ्या वर्गातली चार-पाच मुलं याच सोसायटीत राहतात. त्यांच्यासमोर बाईंची फजिती झाली तर? मी तसं बोलून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग फजितीच्या भीतीनं तुझ्या मुलांनी परीक्षेला बसू नये का?" यावर काय बोलणार? दिलं नाव.

पहिली चूक लगेचच केली. भरीत फारच साधं वाटलं, म्हणून चिकन टिक्का करायचं ठरवलं. जन्मात कधी कोळशावर केलेला नव्हता! सळ्या, जाळी, मसाला अशी यादी वाढत गेली, तेव्हा भानावर आले. पहिल्या स्पर्धेला हातात बसलेलाच पदार्थ न्यावा. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मग मीच त्याला साधं का म्हणावं?

दुसरी गोष्ट, तालीम. वांगी भाजायची म्हणजे गॅसवर, अशी माझी वर्षानुवर्षांची सवय. रविवारी गच्चीत शेगडी पेटवली आणि कोळशावर ज्वाळा असतानाच वांगी ठेवली. साल करपली, गर आत कच्चाच राहिला आणि कडवट धूर लागला तो वेगळाच. त्या दिवशी कळलं, की पदार्थ जाळावर नव्हे, निखाऱ्यावर भाजायचा असतो.

म्हणून सांगते. लाकडी कोळसा घ्या, दगडी नको. पेटवायला नारळाची शेंडी, काटक्या किंवा गोवरीचा तुकडा वापरा. रॉकेल ओतलंत तर त्याचा वास पदार्थाला लागतो. कोळशावर पांढरी राख धरायला अर्धा-पाऊण तास जातो. तो दीड तासाच्या हिशेबात धरा. मग निखाऱ्यांच्या वर विताभर अंतरावर तळहात धरून पाहा. चार-पाच अंक मोजेपर्यंत हात ठेवता आला, तर आच मध्यम आहे. दोनातच काढावा लागला, तर निखारे जरा पसरवा.

वांग्याला तेलाचा हात लावून दोन-तीन ठिकाणी सुरी टोचा, म्हणजे ते फुटत नाही. अर्ध्या किलोच्या वांग्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चिमट्यानं सारखं फिरवत राहा. मग दहा मिनिटं झाकून ठेवा, साल अलगद सुटते. त्याच निखाऱ्यावर हिरव्या मिरच्या भाजून लसणीबरोबर ठेचा. वर कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि तेलाची फोडणी.

चिकन करणार असाल तर आतपर्यंत शिजलंय ना, ते जाडसर तुकडा कापून पाहा. कच्चं चिकन मुरवलेला मसाला शिजलेल्या तुकड्यांवर लावू नका. आणि कोळशाची शेगडी घरात किंवा बंद गॅलरीत कधीही पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. माणसाला कळायच्या आत तो जीव घेतो. साडी सुती नेसा, पदर खोचून घ्या, बादलीभर पाणी जवळ ठेवा.

स्पर्धेच्या दिवशी मैदान बघण्यासारखं होतं. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले आणि पोटासाठी गावोगावची माणसं इथं आली. त्यांच्याबरोबर त्यांची चूलही आली! अलिबागच्या वहिनींनी भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती. बिहारच्या भाभी लिट्टी भाजत होत्या.

अमेरिकेत तर अशा स्पर्धांचं मोठं प्रस्थ आहे. मेम्फिस शहरातली १९७८ साली सुरू झाली. तिकडच्या कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या नियमांत परीक्षक रूप, चव आणि मऊपणा यांना गुण देतात, आणि पदार्थ कुणाचा हे त्यांना ठाऊक नसतं. आमच्याकडेही ताटलीवर फक्त क्रमांक होता. ते मला फार आवडलं. अमक्यांची सून नाही, शाळेतल्या बाई नाहीत, नुसतं भरीत.

नंबर आला नाही. पोपटी पहिली आली. परीक्षक बाई नंतर मला म्हणाल्या, "वांगं इतकं छान भाजलंय! पण मीठ कमी पडलं हो." धांदलीत मी चवच घेतली नव्हती! तेवढ्यात वर्गातला एक मुलगा आलाच. "बाई, तुमचा नंबर नाही आला?" म्हटलं, "नाही रे, मीठ चुकलं. पुढच्या वेळी बघ." त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. इतके दिवस मी उगाच घाबरत होते.

आणि खरं सांगू? घरात पदार्थ बिघडला की सगळे बोलतात, जमला की मुकाट्यानं जेवतात. इतक्या वर्षांत माझ्या हातचं काय चांगलं आणि काय कमी, हे मला त्या दिवशी प्रथमच कुणी नीट सांगितलं. त्या बक्षिसावर मी खूष आहे.

रात्री हे चाकणहून दुसरी पाळी संपवून आले. उरलेलं भरीत वाढलं. दोन घास खाऊन म्हणाले, "मीठ कमी आहे का गं?" सासूबाई आणि मी हसतच सुटलो.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या सोसायटीत, मंडळात अशी सूचना लागली तर पुढे निघून जाऊ नका. नाव द्या. दोनदा तालीम करा. आणि ताटली पुढे करण्याआधी चव मात्र घ्या!